रंग अँफोलाइटला चिकटतो तेव्हा: आयसोइलेक्ट्रिक जेल स्वच्छ कसा रंगवायचा

आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग म्हणजे विजेच्या क्षेत्रात प्रोटीनं आपापल्या समविद्युत पीएचनुसार (ज्या पीएचला रेणूवरचा एकूण प्रभार शून्य होतो) जेलवर वेगळी करण्याची पद्धत. एसडीएस जेलची (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलची) सवय झालेल्या हाताने तिचा जेल तसाच थेट कुमॅसीत, म्हणजे प्रोटीन रंगवणाऱ्या निळ्या रंगात, टाकला की ठरलेला प्रकार घडतो. तासाभराने जेल बाहेर काढावा तर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गडद निळा. डिस्टेन (जास्तीचा रंग काढणारं द्रावण) बदलत बसलं तरी आडवे धुरकट पट्टे हटत नाहीत. मग जेल रात्रभर डिस्टेनमध्ये ठेवला जातो आणि सकाळी पट्टे थोडे फिके झालेले असतात, पण प्रोटीनच्या बारीक रेघा, म्हणजे बँडही त्यांच्याबरोबर गेलेले असतात. अशा वेळी रंगाच्या बाटलीला किंवा नमुन्याला दोष दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा जेलमध्येच उरलेले कॅरिअर अँफोलाइट, म्हणजे पीएचचा उतार तयार करणारे छोटे रेणू असतात. रंगात टाकण्याआधी ते काढून टाकणं हाच यावरचा इलाज आहे. रंगवून झाल्यावर कितीही खटपट केली तरी ती अर्धवटच राहते.

मराठवाड्यात हे तंत्र अनेक कामांना लागतं. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात तूर-हरभऱ्याचे अल्ब्युमिन वेगळे करतात. मका आणि सूर्यफुलाच्या संकरित बियाण्याची शुद्धता तपासायला अतिपातळ जेलवर हीच पद्धत वापरतात, त्यामुळे जालन्यासारख्या बियाण्यांच्या गावात तिची माहिती असणं थेट उपयोगाचं आहे. खालची कृती साध्या, लहान आकाराच्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलसाठी आहे: 125 × 65 मिलिमीटर, जाडी 0.4 मिलिमीटर, एका बाजूला काच किंवा प्लास्टिकची फिल्म.

रंग चिकटतो कशामुळे

कॅरिअर अँफोलाइट म्हणजे अमिनो आणि कार्बोक्सिल गट असलेल्या शेकडो छोट्या रेणूंचं मिश्रण. यातल्या बहुतेकांचं रेणुभार साधारण 300 ते 1000 डाल्टन असतं. स्वेनसन यांनी 1961 मध्ये अशा रेणूंची गरज सिद्धांताने मांडली आणि वेस्टरबर्ग यांनी ते प्रत्यक्ष बनवून दाखवले. विजेच्या क्षेत्रात प्रत्येक रेणू आपापल्या समविद्युत पीएचला जाऊन थांबतो आणि त्यातूनच जेलमध्ये पीएचचा उतार तयार होतो.

कुमॅसीच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे ऋण प्रभार. रंगाचं द्रावण आम्लधर्मी असल्यामुळे अँफोलाइटचे अमिनो गट धन प्रभाराचे होतात. प्रोटीनमधल्या लायसिन-आर्जिनिनला रंग ज्या ओढीने धरतो, त्याच ओढीने तो इथेही धरतो. शिवाय अँफोलाइट स्वतःही फोकस झालेले असतात, म्हणून निळेपणा सपाट न दिसता पट्ट्यापट्ट्यांत दिसतो. नवख्या माणसाला हे पट्टे प्रोटीनचे बँड वाटू शकतात. ओळखायची खूण सोपी आहे. प्रोटीनचा बँड आपल्या लेनपुरता (नमुना धावतो त्या उभ्या पट्टीपुरता) असतो, अँफोलाइटचा पट्टा नमुना न टाकलेल्या लेनमधूनही सरळ आडवा जातो.

आता प्रमाण पाहा. वरच्या मापाच्या जेलचं घनफळ 3.25 मिलिलिटर. त्यात 2 टक्के अँफोलाइट म्हणजे 65 मिलिग्रॅम. एका बँडमधलं प्रोटीन मात्र जेमतेम 1 ते 5 मायक्रोग्रॅम. रंगाच्या दृष्टीने अँफोलाइटचा साठा हजारो पटींनी मोठा आहे. त्यातला थोडासा भाग मागे राहिला तरी बँड झाकोळतो.

जेल ओततानाच घ्यायची काळजी

अँफोलाइट 2 टक्क्यांवर ठेवा. बाजारात मिळणाऱ्या 40 टक्क्यांच्या द्रावणातून 10 मिलिलिटर जेल मिश्रणाला 0.5 मिलिलिटर लागतं. बँड नीट सुटत नाहीत म्हणून 4 टक्के टाकण्याचा मोह होतो, पण त्याने धुवायचं काम दुप्पट होतं. वेगळेपणा वाढवायचा असेल तर प्रमाण तेच ठेवून अरुंद पीएच पल्ल्याचं अँफोलाइट मिसळा.

जेल शक्य तितका पातळ ओता. रेणू जेलमधून बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 1 मिलिमीटरचा जेल 0.4 मिलिमीटरच्या जेलपेक्षा सहापट वेळ मागतो. फिल्मवर किंवा काचेवर चिकटलेल्या जेलमधून रेणू एकाच बाजूने बाहेर पडतात, त्यामुळे असा 0.5 मिलिमीटरचा जेल धुताना सुट्या 1 मिलिमीटरच्या जेलइतकाच रेंगाळतो. पाठ्यपुस्तकातल्या वेळा आपल्या जेलला लागू पडत नाहीत त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

नमुन्यात ट्रायटन किंवा एनपी-40 सारखं डिटर्जंट असेल तर तेही कुमॅसीला धरून ठेवतं. ते नुसत्या आम्लात नीट निघत नाही, त्याला अल्कोहोल असलेली धुलाई लागते. मीठ 50 मिलिमोलरच्या खाली ठेवा, नाहीतर बँड वेडेवाकडे होतात आणि मग दोष कशाचा हे शोधणंच अवघड होऊन बसतं.

एक लेन कायम कोरी सोडा, जेलच्या कडेची. ती पुढे कामाला येणार आहे.

फिक्सर: सगळं याच्यावर अवलंबून

फिक्सर म्हणजे प्रोटीन जेलमध्ये जागच्या जागी पक्कं करणारं द्रावण. अँफोलाइट लहान असल्यामुळे ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लात विरघळलेले राहतात आणि जेलमधून बाहेर येतात. प्रोटीन त्याच आम्लात साकळून जागच्या जागी अडकतं. आपल्याला हवा तो फरक नेमका इथे पडतो. एसडीएस जेलसाठी वापरतात ते मिथेनॉल आणि अ‍ॅसेटिक आम्लाचं मिश्रण इथे पहिल्या पायरीला पुरत नाही, कारण त्यात बरीच प्रोटीनं पक्की धरली जात नाहीत आणि अँफोलाइटबरोबर तीही निसटतात.

द्रावण असं करा: ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल 20 ग्रॅम, सल्फोसॅलिसिलिक आम्ल 3.5 ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी घालून एकूण 100 मिलिलिटर. सल्फोसॅलिसिलिक नसेल तर नुसत्या 20 टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिकनेही काम होतं.

हे आम्ल हवेतलं पाणी ओढून घेतं. श्रावणात बाटली दोन-चार वेळा उघडली की आतले खडे ओले होऊन तळाशी पाणी साचतं आणि वजन घेण्यात अर्थ उरत नाही. म्हणून 500 ग्रॅमची नवी बाटली फोडल्याबरोबर तिच्यातच 227 मिलिलिटर पाणी घालून सगळं विरघळवून टाका. हे 100 टक्के वजन-घनफळ प्रमाणाचं द्रावण झालं. ते गडद काचेच्या बाटलीत ठेवा आणि लागेल तेव्हा एक भाग द्रावणात चार भाग पाणी घालून पातळ करा. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका. त्वचेवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, कारण हे आम्ल कातडी जाळतं.

व्होल्टेज बंद केल्यापासून दोन मिनिटांच्या आत जेल फिक्सरमध्ये गेला पाहिजे. वीज थांबली की बँडला जागेवर धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ते पसरायला लागतात. म्हणून फिक्सरचा ट्रे आधीच भरून शेजारी ठेवा. जेल काढताना इलेक्ट्रोडच्या पट्ट्या उचलून टाका आणि अ‍ॅनोडकडचा एक कोपरा तिरका कापा, नंतर दिशा कळायला.

फोकसिंग चालू असताना लाईट गेली तर घाबरून जेल फिक्सरमध्ये टाकू नका. या पद्धतीची मोठी सोय अशी की वीज परत आली की पसरलेली प्रोटीनं पुन्हा आपापल्या पीएचला येऊन गोळा होतात. 100 व्होल्टपासून हळूहळू चढवत न्या. खंड वारंवार पडून फोकसिंग फार लांबलं तर मात्र पीएचचा उतार कॅथोडकडे सरकतो. अशा जेलवरचे समविद्युत बिंदू मोजमापाला घेऊ नका.

जेल फिक्सरमध्ये पडला की ट्रेखाली काळा कागद सरकवून बघत राहा. काही मिनिटांत काळ्यावर पांढऱ्या बारीक रेघा उमटायला लागतात. आधी ठळक, मग त्यांच्या मधल्या. हे साकळलेलं प्रोटीन. याच वेळी एक फोटो काढून ठेवा. पुढे रंगवलेल्या जेलमध्ये एखादा बँड कमी दिसला, तर तो धुताना गेला की मुळातच नव्हता, हे या फोटोवरून कळतं.

धुलाईचं गणित

एकाच मोठ्या ट्रेमध्ये भरपूर फिक्सर ओतून जेल तासभर ठेवणं चुकीचं आहे. टंचाईच्या दिवसांत भांडी घासणाऱ्या कुठल्याही घराला हे ठाऊक असतं: एका बादलीत भांडं बुडवण्यापेक्षा तेच पाणी तीन तांब्यांत वाटून तीनदा खळबळलं तर साबण जास्त निघतो. आकड्यांत मांडू. 3.25 मिलिलिटरचा जेल 300 मिलिलिटरमध्ये एकदा धुतला तर समतोल झाल्यावर जेलमध्ये सुमारे 1 टक्का अँफोलाइट उरतं, म्हणजे 0.7 मिलिग्रॅम. तेच द्रावण 100-100 मिलिलिटर करून तीनदा बदललं तर पहिल्यानंतर 2 मिलिग्रॅम, दुसऱ्यानंतर 65 मायक्रोग्रॅम आणि तिसऱ्यानंतर 2 मायक्रोग्रॅम. खर्च सारखाच, फरक तीनशे पटींचा.

अट एकच. दर वेळी समतोल होईपर्यंत थांबायला हवं. फिल्मवरच्या 0.4 मिलिमीटर जेलला एका वेळेस 30 मिनिटं द्या आणि ट्रे सतत हलता ठेवा. शेकर नसेल तर दर पाच मिनिटांनी हाताने हलवा. स्थिर ट्रेमध्ये जेलच्या अंगालगत अँफोलाइटचा थर साचून राहतो आणि वरचं हिशेबाचं गणित कागदावरच राहतं.

पहिल्या दोन धुलाया ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिकच्या करा. तिसरी आणि चौथी 25 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, 10 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल आणि उरलेलं पाणी अशा मिश्रणाची, प्रत्येकी 20 ते 30 मिनिटं. या शेवटच्या दोन धुलाया वेळ वाचवायला गाळल्या जातात आणि तिथेच दुसरी भानगड सुरू होते. जेलमध्ये ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक उरलं असेल तर कुमॅसी त्याच्याशी गाठ पडताच गोळा होऊन बसते. जेलच्या पृष्ठभागावर तांब्यासारखी लालसर चकाकी दिसली तर समजा हेच झालं आहे. ती अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ टिश्यूने अलगद पुसता येते. आतला निळा ठिपकेदारपणा मात्र जात नाही.

आयसोप्रोपिलच का? मिथेनॉल विषारी आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीपार गेलेल्या खोलीत उघड्या ट्रेमधून भराभर उडतं. वासही खोलीभर आणि प्रमाणही बिघडलेलं. इथेनॉल चालतं, पण त्याला उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याचा व्याप असतो. आयसोप्रोपिल सहज मिळतं आणि कमी उडतं. तरीही उन्हाळ्यात ट्रेला झाकण हवंच. अल्कोहोल उडालं की जेल फुगतो, रंग खाली बसतो.

पाणी डिस्टिल्डच घ्या. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं, जेल वाळवताना त्याची पांढुरकी झाक वर येते. पुढे सिल्व्हर स्टेन (चांदीच्या क्षाराने रंगवणं) करायचा असेल तर त्यातलं क्लोराइड चांदीशी मिळून जेल गढूळ करतं.

कोऱ्या पट्टीची चाचणी

धुलाई पुरेशी झाली का, हे अंदाजाने ठरवू नका. सोडलेल्या कोऱ्या लेनमधून अ‍ॅनोडपासून कॅथोडपर्यंत 5 मिलिमीटर रुंदीची पट्टी ब्लेडने कापून काढा. ती छोट्या नळीत 10 मिनिटं रंगात आणि मग 15 मिनिटं डिस्टेनमध्ये ठेवा. पांढऱ्या टाइलवर ठेवून पाहा. पट्टी पारदर्शक किंवा अगदी हलकी आणि एकसारखी आभा असलेली असेल तर पूर्ण जेल रंगात टाका. आडवे पट्टे दिसले तर अजून एक धुलाई. या अर्ध्या तासाने पूर्ण जेल वाया जाण्यापासून वाचतो. ही पायरी न गाळण्याचा आग्रह आम्ही धरतो.

रंग

नेहमीच्या कामाला मोरचूद (कॉपर सल्फेट) घातलेली कुमॅसी सगळ्यात भरवशाची. तांबं अँफोलाइटच्या अमिनो गटांशी जोडी जमवतं आणि रंगाला तिथे जागा कमी मिळते. 100 मिलिलिटरसाठी:

कॉपर सल्फेट 0.5 ग्रॅम
कुमॅसी आर-250 0.04 ग्रॅम
आयसोप्रोपिल अल्कोहोल 27 मिलिलिटर
अ‍ॅसेटिक आम्ल 10 मिलिलिटर
डिस्टिल्ड पाणी 63 मिलिलिटर

क्रम महत्त्वाचा. कॉपर सल्फेट आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, त्यात अ‍ॅसेटिक आम्ल घाला. कुमॅसी वेगळ्या बीकरमध्ये अल्कोहोलात घोळवा आणि मगच दोन्ही एकत्र करा. अल्कोहोल आधी घातलं तर मोरचूद विरघळत नाही, तळाशी निळी रेती बसते. शेवटी व्हॉटमन क्रमांक 1 च्या कागदातून गाळा. मोसंबी-द्राक्षाच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद घरात पडलेलं असलं तरी ते इथे वापरू नका. त्यात लोह आणि इतर अशुद्धी असतात. प्रयोगशाळेच्या दर्जाचंच घ्या.

जेल 45 मिनिटं ते एक तास रंगात ठेवा. त्यानंतर पहिलं डिस्टेन: आयसोप्रोपिल 12 टक्के, अ‍ॅसेटिक आम्ल 7 टक्के, कॉपर सल्फेट 0.5 टक्के. बहुतेक पार्श्वभूमी गेली की दुसरं: आयसोप्रोपिल 25 टक्के, अ‍ॅसेटिक आम्ल 7 टक्के, मोरचूद नाही. यात तांब्याची निळसर झाक निघून जाते. धुलाई नीट झाली असेल तर एकूण डिस्टेन दोन-तीन तासांत आटोपतं. त्याहून जास्त लागत असेल तर डिस्टेनला दोष देऊ नका, फिक्सरच्या टप्प्याकडे परत जा. डिस्टेनचा ट्रे रात्रभर सोडणं टाळा, कारण मग प्रोटीनमधलाही रंग निघून जातो.

वेळ कमी असेल तर दुसरा रस्ता आहे. 3.5 टक्के पर्क्लोरिक आम्लात 0.04 टक्के कुमॅसी जी-250, आर नव्हे. 70 टक्क्यांच्या पर्क्लोरिकचे 3 मिलिलिटर 100 मिलिलिटर पाण्यात, त्यात 40 मिलिग्रॅम रंग, तासभर ढवळून गाळायचं. या आम्लात जी-250 तपकिरी रूपात असतो, प्रोटीनला चिकटला की निळा होतो, अँफोलाइटकडे ढुंकूनही पाहत नाही. जेल न धुता थेट टाकता येतो. नंतर 5 टक्के अ‍ॅसेटिक आम्लात ठेवला की निळा रंग चढतो. पण बारीक बँडना ही पद्धत कमी पडते, आणि पर्क्लोरिक आम्ल कागद, लाकूड, अल्कोहोल यांच्याबरोबर सुकलं किंवा तापलं तर स्फोटक असतं. भट्टीत वाळवू नका, सांडलेलं कागदाने पुसून कचऱ्यात टाकू नका.

तुरीचे आणि हरभऱ्याचे बोमन-बर्क गटातले ट्रिप्सिन रोधक पाहायचे असतील तर थोडी वेगळी काळजी. हे सुमारे 8 हजार डाल्टनचे, डायसल्फाइड बंधांनी घट्ट बांधलेले, आम्लात टिकणारे रेणू आहेत. साकळण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही आणि लांबलेल्या धुलाईत ते अँफोलाइटबरोबरच निघून जाऊ शकतात. अशा जेलचे दोन भाग करा. एक नेहमीच्या पद्धतीने, दुसरा पर्क्लोरिकच्या रंगात. पहिल्यात नसलेला बँड दुसऱ्यात दिसला तर तो धुताना गेला होता.

आणखी कुठे गाठ पडते

सिल्व्हर स्टेनमध्ये अँफोलाइट कुमॅसीपेक्षाही जास्त सतावतात, जेल पिवळा-तपकिरी होतो. तिथे ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिकनंतरची अल्कोहोल-अ‍ॅसेटिक धुलाई रात्रभर चालवा.

द्विमितीय जेलमध्ये (प्रोटीनं आधी समविद्युत पीएचनुसार, मग आकारानुसार वेगळी करतात त्यात) पहिल्या दिशेतले अँफोलाइट दुसऱ्या दिशेत पुढच्या टोकाशी, ते टोक दाखवणाऱ्या ट्रॅकिंग डायसोबत धावतात आणि खाली धुरकट डाग करतात. डाय जेलबाहेर जाऊ द्या किंवा तेवढी पट्टी कापून टाका.

आयपीजी पट्टीची, म्हणजे पीएचचा उतार आधीच पक्का बसवलेल्या तयार जेलपट्टीची गोष्ट वेगळी. तिचे बफर गट जेलच्या जाळ्यालाच जोडलेले असतात, त्यामुळे ते धुऊन निघत नाहीत. पट्टी थेट रंगवायचीच असेल तर कोलॉइडल जी-250 घ्या: 10 टक्के अमोनियम सल्फेट, 2 टक्के फॉस्फोरिक आम्ल, 0.1 टक्के रंग, 20 टक्के मिथेनॉल. यातला रंग बहुतांशी कणांच्या रूपात असल्याने जेलच्या आत फारसा शिरत नाही.

ब्रॅडफर्डने (कुमॅसीच्या रंगावरून प्रोटीनचं प्रमाण काढायच्या पद्धतीने) प्रोटीन मोजतानाही हाच रंग आणि हीच ओढ. अँफोलाइट मिसळलेल्या नमुन्याचा आकडा फुगलेला येतो. ब्लँकमध्ये (प्रोटीन नसलेल्या तुलनेच्या नळीत) तेच बफर तितकंच घ्या. प्रमाण मोठं असेल तर प्रोटीन आधी साकळून वेगळं करा.

कामानंतरचं ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक खाण्याच्या सोड्याने फेस थांबेपर्यंत उदासीन करा, सोडा चिमूट-चिमूट टाका. तांबं असलेलं डिस्टेन वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि घातक कचरा म्हणूनच द्या. ते बेसिनमध्ये ओतलं तर मोरी आणि शोषखड्ड्यातून जमिनीत जातं, आणि आपल्या अनेक महाविद्यालयांचं पाणी त्याच आवारातल्या बोअरमधून येतं.